खटला उभा राहण्याआधीच ज्युरीचं मत ठरलेलं असतं का?

मिहिका:
नानावटी खटला मराठी घरांत अजून चघळला जातो. थोडक्यात उजळणी करते. नौदलातला कमांडर कावस नानावटी, त्याची इंग्रज बायको सिल्व्हिया आणि तिचा प्रियकर प्रेम आहुजा. २७ एप्रिल १९५९ ला सिल्व्हियाने नवऱ्याजवळ प्रकरण कबूल केलं. नानावटीने तिला आणि मुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि ६ गोळ्या घेतल्या. आहुजा ऑफिसात सापडला नाही म्हणून तो नेपियन सी रोडजवळच्या त्याच्या फ्लॅटवर गेला. ३ गोळ्या झाडल्या आणि मग स्वतःच पोलिसांसमोर हजर झाला. सेशन्स कोर्टात ९ जणांच्या ज्युरीने ८ विरुद्ध १ मताने त्याला निर्दोष ठरवलं.

मला कायम सांगण्यात आलंय की रुसी करंजियांच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने वातावरण असं तापवलं होतं की ज्युरी दुसरा निकाल देऊच शकली नसती. यावरून दोन प्रश्न पडलेत. खटल्याआधी वाचलेलं, ऐकलेलं न्यायाधीशांनी "विसरा" म्हटल्यावर खरंच विसरलं जातं का? आणि भारतात आता ज्युरी नाही, म्हणजे आपल्यापुरता हा विषय मिटला का?

माझं मत सांगून टाकते. ज्युरीत बसलेला माणूस "मी तटस्थ आहे" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याचा त्यावर मनापासून विश्वास असतो. मला जास्त भीती त्याचीच वाटते.

पन्हाळा:
छान विषय. आमचे आजोबा तेव्हा फोर्टात नोकरीला होते. ते सांगायचे, चार आण्यांचा 'ब्लिट्झ' त्या दिवसांत दोन-दोन रुपयांना विकला जायचा. रस्त्यावर 'नानावटी रिव्हॉल्व्हर' नावाची खेळणी आणि 'आहुजा टॉवेल' मिळायचे. गणवेशातला रुबाबदार अधिकारी एकीकडे आणि बायका नादी लावणारा श्रीमंत मोटारविक्रेता दुसरीकडे, असं सरळसोट चित्र पेपरात. मेलेला माणूस काही आपली बाजू मांडायला येणार नव्हता.

शब्दाली:
टॉवेलची काय भानगड?

पन्हाळा:
आहुजा नुकताच अंघोळ करून आला होता, कमरेला टॉवेल होता. बचाव पक्षाचं म्हणणं, झटापटीत रिव्हॉल्व्हर उडालं. सरकारी पक्षाचं म्हणणं, झटापट झाली असती तर टॉवेल कमरेला राहिला असता का? तो तर जागच्या जागी होता.

कोर्टकचेरी:
वकिली करतो, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो. 'ब्लिट्झ'ला एवढं मोठं करू नका.

सेशन्स कोर्टाचे न्यायाधीश न्या. मेहता यांना ज्युरीचा निकाल पटला नाही. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७ खाली त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. तिथे सरकारी पक्षाने पेपरांवर बोट ठेवलं नाही. त्यांनी बोट ठेवलं ते खुद्द न्यायाधीशांनी ज्युरीला केलेल्या मार्गदर्शनावर. त्यातल्या चुका गंभीर होत्या, हे हायकोर्टाने आणि पुढे सुप्रीम कोर्टानेही मान्य केलं. एकच उदाहरण देतो. "अपघाताने गोळी सुटली" असा बचाव आरोपीने घेतला की तो दाखवून देण्याची जबाबदारी पुरावा कायद्याच्या कलम १०५ प्रमाणे त्याच्यावर येते. हे ज्युरीला नीट समजावलंच गेलं नव्हतं. कायदाच अर्धवट सांगितला तर ९ सामान्य माणसांनी काय करायचं?

न्या. शेलत आणि न्या. नाईक यांनी ११ मार्च १९६० ला जन्मठेप दिली, आणि त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी ती स्थगित केली! २४ नोव्हेंबर १९६१ ला सुप्रीम कोर्टाने जन्मठेप कायम केली. न्या. सुब्बा राव यांचं निकालपत्र जरूर वाचा. दुपारी दीडच्या सुमारास घर सोडलेला माणूस ४ वाजून २० मिनिटांच्या सुमारास गोळ्या झाडतो. मधल्या वेळात डोकं थंड व्हायला भरपूर अवधी होता, मग "गंभीर आणि आकस्मिक चिथावणी" कुठून आली, असा तो युक्तिवाद आहे.

आणखी एक गैरसमज. "नानावटीमुळे ज्युरी गेली" हे अर्धसत्यसुद्धा नाही. विधी आयोगाने १९५८ मध्येच, म्हणजे गोळ्या झाडल्या जाण्याच्या आधी, आपल्या चौदाव्या अहवालात ज्युरी बंद करा असं सांगितलं होतं. नानावटीनंतरही काही ठिकाणी ज्युरी चालू होती. १९७३ च्या संहितेने ती फौजदारी खटल्यांतून कायमची गेली.

मिहिका:
कोर्टकचेरी, उत्तम माहिती. पण तुमच्याच मुद्द्यावरून विचारते. कायदा अर्धवट कळलेला असतो तेव्हा माणूस मोकळी जागा कशाने भरतो? आधी जे ऐकलंय त्यानेच ना? न्यायाधीशांची चूक आणि पेपरांनी केलेलं चित्र, दोन्ही एकाच दिशेला ढकलत असतील तर कुणी किती ढकललं हे वेगळं कसं करणार?

कोर्टकचेरी:
करता येत नाही. त्या ९ जणांना कुणी विचारलं नाही आणि विचारून कळलंही नसतं. म्हणूनच मी "पेपरांमुळेच" हे म्हणायला तयार नाही.

सुनंदाताई:
आमच्या सोसायटीतून ज्युरी नेमली तर आरोपीचा निकाल बाजूला राहील, आधी पाण्याच्या टाकीवरून नवा खटला उभा राहील. 😄

डॉ. रानवारा:
मी मानसशास्त्र शिकवते. मिहिका, तुझ्या पहिल्या प्रश्नावर बऱ्यापैकी संशोधन झालेलं आहे.

१९९९ मध्ये नॅन्सी स्टेब्ले आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या ४४ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. आरोपीविरुद्धच्या बातम्या वाचलेले लोक, न वाचलेल्यांपेक्षा, त्याला दोषी ठरवण्याकडे जास्त झुकतात. परिणाम प्रचंड नाही, पण ठाम आहे.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो क्रेमर, केर आणि कॅरल यांचा १९९० चा प्रयोग. दरोड्याच्या खटल्याची चित्रफीत लोकांना ज्युरी म्हणून दाखवली. काहींना आधी आरोपीच्या जुन्या गुन्ह्यांची कोरडी बातमी दिली होती. काहींना मन हलवणारी बातमी दिली होती, एका लहान मुलीला धडक देऊन पळून गेलेल्या गाडीशी त्याचा संबंध असल्याची. दरोड्याशी त्या गाडीचा काहीही संबंध नव्हता. मग तीन उपाय तपासले. पहिला, न्यायाधीशांची सूचना की बातम्यांकडे दुर्लक्ष करा. उपयोग शून्य. दुसरा, ज्युरीने आपापसात चर्चा करणं. आपल्याला वाटतं की चर्चेत एकमेकांचे पूर्वग्रह गळून पडतील. इथे उलट झालं, चर्चेनंतर बातमीचा प्रभाव वाढला. तिसरा उपाय, मध्ये काही दिवस जाऊ देणं. कोरड्या बातमीचा असर त्याने ओसरला. मन हलवणाऱ्या बातमीचा ओसरला नाही.

यामागचं एक कारण ख्रिस्तीन रूवा यांच्या अभ्यासात सापडतं. वाचलेली माहिती लक्षात राहते, ती कुठे वाचली हे लक्षात राहत नाही. खटला ऐकून झाल्यावर लोक पेपरातली गोष्ट खात्रीने सांगतात, "हे साक्षीदाराने कोर्टात सांगितलं." ती माणसं प्रामाणिक असतात. त्यांची आठवण त्यांना फसवते. तू धाग्यात लिहिलंस ते अगदी हेच आहे.

शब्दाली:
चर्चेने वाढतो? हे भयंकर आहे.

डॉ. रानवारा:
हो. माझ्या विद्यार्थ्यांनाही सगळ्यात जास्त धक्का याचाच बसतो. एकाने "पण त्याचं ते दुसरं प्रकरणही होतं ना" म्हटलं की बाकीच्यांच्या मनात जे धूसर होतं ते पक्कं होतं.

वाटसरू:
वाचतोय. जाता जाता, नानावटीचं पुढे काय झालं?

पन्हाळा:
१९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. १९६८ मध्ये कुटुंबासह कॅनडाला गेला. २००३ मध्ये तिथेच वारला.

आडगाव:
नानावटी खटल्यात पेपर आरोपीच्या बाजूचे होते, म्हणून आपल्याला गंमत वाटते. मराठी माणसाने ज्युरीची दुसरी बाजू त्याच्या ६२ वर्षं आधी भोगली आहे.

१८९७. पुण्यात प्लेग, रँडचे सोल्जर घरात घुसतायत. २२ जूनला गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. त्याआधीच 'केसरी'त शिवाजी उत्सवाचा वृत्तांत आणि अफझलखान वधावरचं भाषण छापून आलं होतं. मुंबईची इंग्रजांची वर्तमानपत्रं लगेच टिळकांवर तुटून पडली. लिखाण आणि खून यांची सांगड त्यांनी खटला उभा राहायच्या आत घालून टाकली. आरोप राजद्रोहाचा होता, खुनाशी टिळकांचा संबंध असल्याचा आरोपच नव्हता. ज्युरीत ६ युरोपियन आणि ३ हिंदी होते. निकाल ६ विरुद्ध ३, दोषी. न्या. स्ट्रॅची यांनी १८ महिने सक्तमजुरी ठोठावली.

१९०८ ला पुन्हा तेच. सरकारने स्पेशल ज्युरी मागितली. टिळकांच्या बाजूने विरोध झाला, कारण अशा ज्युरीत युरोपियनच जास्त येणार आणि लेख तर मराठीत. मराठी न येणाऱ्यांनी भाषांतर वाचून राजद्रोह ठरवायचा! न्या. दावर यांनी विरोध मानला नाही. ७ युरोपियन, २ पारशी. निकाल ७ विरुद्ध २. सहा वर्षं काळं पाणी. मुंबई हायकोर्टात त्या कोर्टरूमबाहेर संगमरवरात कोरलेलं वाक्य आहे, "ज्युरीने काहीही निकाल दिला तरी मी निर्दोष आहे" अशा अर्थाचं. मी ते बघायला मुद्दाम गेलो होतो. अक्षरं वाचून पाय हलेनात.

माझा मुद्दा असा की ज्युरीचे सदस्य कुठले पेपर वाचतात हे बघितल्याशिवाय "प्रसारमाध्यमांचा प्रभाव" मोजता येत नाही. 'केसरी' वाचणारे ९ जण बसवले असते तर?

कोर्टकचेरी:
आडगाव, हा प्रतिसाद वाचनखुणेत ठेवला. आणि नीट बघा, दोन्ही वेळा विभागणी कशी झाली ते. ६-३ आणि ७-२. हिंदी सदस्य एका बाजूला आणि युरोपियन दुसऱ्या बाजूला.

बातमीदार:
मी बरीच वर्षं मराठी दैनिकात क्राइम बीट केली आहे. हा धागा माझ्या धंद्याबद्दल आहे म्हणून राहवत नाही.

बातमी कशी बनते ते सांगतो. संध्याकाळी पोलीस पत्रकार परिषद घेतात. आरोपी तोंडावर बुरखा घालून मागे उभा. समोर टेबलावर जप्त केलेला मुद्देमाल मांडलेला, कोयता असेल तर कोयता, नोटा असतील तर पंख्यासारख्या पसरलेल्या. साहेब सांगतात, "आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली आहे." रात्री डेस्कवर मथळा तयार, 'आरोपीची कबुली'. सकाळी लाखो लोक वाचतात.

आता कायदा बघा. पोलिसासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरताच येत नाही. जुन्या पुरावा कायद्याचं कलम २५, नव्या साक्ष अधिनियमात कलम २३. कबुलीमुळे एखादी वस्तू सापडली तर तेवढाच भाग चालतो. असं का, तर मारून-धमकावून कबुली काढली जाते हे इंग्रजांच्या काळापासून सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे जी गोष्ट न्यायालयाने नजरेआड करावी असं कायदा दीडशे वर्षं सांगतोय, तीच आम्ही पहिल्या पानावर सर्वात मोठ्या टायपात छापतो. खटल्याचा निकाल दहा वर्षांनी लागतो. माणूस सुटला तर ती बातमी आतल्या पानावर, दोन परिच्छेद, कारण तोवर सगळे त्याला विसरलेले असतात. त्याच्या गल्लीतले मात्र विसरलेले नसतात.

तो बुरखा कशासाठी असतो हेही अनेकांना ठाऊक नाही. साक्षीदारासमोर ओळखपरेड व्हायची असते. चॅनलने आधीच चेहरा दाखवला तर साक्षीदार टीव्हीवरचा माणूस ओळखतो, घटनेच्या वेळचा नाही. मग बचावाचा वकील त्यावरच केस मोडतो. म्हणजे आरोपी खरोखर गुन्हेगार असला तरी बातमीमुळे सुटू शकतो. पीडितांची कळकळ असणाऱ्यांनीही याचा विचार करावा.

सुनंदाताई:
बातमीदार, मनापासून लिहिलंत. नोटांच्या पंख्याचा फोटो डोळ्यासमोर आला.

किनारा:
सगळे एकाच सुरात बोलतायत म्हणून विरोधी मत नोंदवते. जेसिका लाल आठवते का? १९९९ चा खून. साक्षीदार फिरले, फेब्रुवारी २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सगळ्यांना सोडलं. पेपर आणि चॅनलांनी आवाज उठवला नसता तर फाइल तिथेच बंद झाली असती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली हायकोर्टाने मुख्य आरोपीला जन्मठेप दिली, २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. पैसेवाल्यांचा मुलगा असेल तर माध्यमांशिवाय सामान्य माणसाकडे काय आहे? "खटला संपेपर्यंत गप्प बसा" हे ऐकायला सभ्य वाटतं. ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याला विचारा.

बातमीदार:
किनारा, पूर्ण सहमत. पण त्या प्रकरणात माध्यमांनी विचारलेला प्रश्न होता "तपास असा कसा झाला, साक्षीदार का फिरले?" यंत्रणेला जाब विचारणं आणि आरोपीला रोज रात्री ९ वाजता दोषी ठरवणं यात फरक आहे. सुप्रीम कोर्टाने त्याच निकालात खटला चालू असतानाच्या माध्यमांच्या वागण्यावर नापसंतीही नोंदवली आहे.

किनारा:
फरक मान्य. पण ती रेघ मारणार कोण? सरकार मारणार असेल तर मला नको.

सह्याद्री_यूके:
इथे इंग्लंडमध्ये ती रेघ कायद्याने मारलेली आहे. १९८१ चा न्यायालय अवमान कायदा. कुणाला अटक झाली की प्रकरण 'चालू' धरलं जातं, आणि खटल्याला गंभीर बाधा येण्याचा मोठा धोका निर्माण होईल असं छापलं तर हेतू काहीही असो, अवमान होतो.

तरीही काय होतं ते ब्रिस्टलमध्ये दिसलं. डिसेंबर २०१० मध्ये एका तरुण मुलीचा खून झाला. पोलिसांनी तिच्या घरमालकाला, एका निवृत्त शिक्षकाला, ताब्यात घेतलं. त्याचे केस विस्कटलेले, बोलणं जरा विक्षिप्त. एवढ्यावर पेपरांनी त्याला अक्षरशः सोलून काढलं. तो निर्दोष होता. खून शेजाऱ्याने केला होता आणि त्याला पुढच्या वर्षी जन्मठेप झाली. 'डेली मिरर'ला ५०,००० पौंड आणि 'सन'ला १८,००० पौंड दंड झाला, शिवाय ८ वर्तमानपत्रांनी बदनामीची भरपाई दिली. शिक्षकाचं आयुष्य मात्र पहिल्यासारखं व्हायला किती काळ लागला असेल?

आणि इथे ज्युरीत बसल्यावर आरोपीचं नाव इंटरनेटवर शोधणं हा २०१५ पासून फौजदारी गुन्हा आहे. कैद होऊ शकते. न्यायाधीश पहिल्याच दिवशी हे अगदी स्पष्ट सांगतात.

वाटसरू:
अमेरिकेत असं नाही का? तिथे तर चॅनलवर काहीही चालतं.

जर्सीकर:
नाही. अमेरिकेत पेपरचं तोंड बंद करणं घटनेमुळे जवळपास अशक्य आहे. त्यामुळे सगळा भार ज्युरी निवडण्यावर येतो. इंग्लंड पेपरला आवरतं, अमेरिका ज्युरीला चाळणी लावते.

ती चाळणी मी आतून पाहिली आहे. नागरिकत्व मिळाल्यावर यथावकाश काउंटीचं पत्र आलं. एका दुकानातली लूट आणि मारहाण, गावच्या फेसबुक ग्रुपवर त्या दुकानाच्या कॅमेऱ्याची चित्रफीत फिरत होती. छापील प्रश्नांचा कागद हातात, एकेकाला खुर्चीत बसवून न्यायाधीश प्रश्न विचारतात. कुणी "याबद्दल वाचलंय" म्हणालं की त्याला बाजूला न्यायाधीशांच्या टेबलाजवळ बोलावतात, दोन्ही वकील जवळ येतात, आणि आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून स्पीकरमधून खरखर सुरू करतात. खरखर थांबली की एक तर माणूस परत जागेवर येतो, नाहीतर बॅग उचलून बाहेर जातो. माझ्या शेजारच्या बाई परत आल्या. उत्तर काय दिलं ते अर्थातच मला माहीत नाही. पण त्या आधी जेवणाच्या सुट्टीत मला म्हणाल्या होत्या, "त्या व्हिडिओत त्याने काय मारलंय बघितलंत का?" मी अधिकाऱ्याला ते सांगितलं. बाईंना पुन्हा बोलावलं, आणि त्या गेल्या.

वाईट बाई नव्हत्या हो. त्यांना खरंच वाटत होतं की आपण नीट न्याय करू.

डॉ. रानवारा:
जर्सीकर, तुम्ही सांगितलंत हे फार बरं केलंत. तक्रार केल्यासारखं होईल म्हणून बहुतेक लोक गप्प बसतात.

पन्हाळा:
अमेरिकेचा विषय निघालाय तर डॉ. सॅम शेपर्ड यायलाच हवा. क्लीव्हलंड, ४ जुलै १९५४. घरात बायकोचा खून. तो म्हणत होता, कुणी घुसखोराने केला. स्थानिक पेपरने मथळा दिला की शेपर्ड अजून तुरुंगात का नाही. त्याच रात्री त्याला अटक! मृत्यूची चौकशी शाळेच्या व्यायामशाळेत, थेट प्रक्षेपणासह. ज्युरीसाठी बोलावलेल्या ७५ जणांची नावं-पत्ते तिन्ही पेपरांत छापून आले, लोकांचे त्यांना फोन आणि पत्रं सुरू. खटल्यात पत्रकारांचं टेबल कोर्टाच्या कठड्याच्या आत मांडलं होतं, त्याचं एक टोक ज्युरीपासून ३ फुटांपेक्षा कमी अंतरावर. शेपर्डला आपल्या वकिलाच्या कानात बोलायचं तर बाहेर जावं लागायचं. जन्मठेप झाली. तब्बल १९६६ मध्ये अमेरिकन सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध १ मताने शिक्षा रद्द केली. फेरखटल्यात तो सुटला आणि १९७० मध्ये वारला.

त्या निकालात दोष प्रामुख्याने न्यायाधीशावर ठेवला आहे. पेपर पेपरचं काम करणार, पण कोर्टात शिस्त ठेवणं तुझ्या हातात होतं, खटला दुसरीकडे हलवणं तुझ्या हातात होतं, असं.

कोर्टकचेरी:
त्याच्या आधीचा १९६१ चा आयर्विन खटला या धाग्याच्या प्रश्नाला जास्त जवळ आहे. इंडियाना राज्य, सहा खुनांचा संशय, गावोगाव बातम्या. ज्युरीसाठी ४३० जण बोलावले, त्यांतले २६८ पक्कं मत बनलंय म्हणून घरी पाठवावे लागले. शेवटी जे १२ बसले त्यांतले ८ जण आधीच म्हणाले होते की आम्हाला तो दोषी वाटतो. आणि तरीही प्रत्येकाने सांगितलं, "मी निःपक्ष राहू शकेन." सुप्रीम कोर्टाने एकमताने शिक्षा रद्द केली. प्रत्येक जण मनापासून बोलत असेल, पण एवढ्या जणांनी आधी मत कबूल केल्यावर त्या हमीला फार वजन देता येत नाही, असं म्हटलं.

किनाराताईंसाठी: आयर्विन सुटला नाही. फेरखटल्यात पुन्हा दोषी ठरला, जन्मठेप झाली. निःपक्ष खटला देणं म्हणजे आरोपीला सोडणं नव्हे.

किनारा:
हे उदाहरण आवडलं. धन्यवाद.

तेजस_पुणे:
खटला दुसऱ्या गावी हलवण्याने अलीकडे काही होतं का? मोबाइल सगळीकडे आहेत.

जर्सीकर:
ओक्लाहोमा सिटी बॉम्बस्फोटाचा खटला १९९६ मध्ये डेन्व्हरला हलवला होता. बॉस्टन मॅरेथॉन स्फोटाचा हलवला नाही, त्याऐवजी १,३७३ लोकांकडून १०० प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली. तरी ज्युरीला बातम्यांबद्दल नीट विचारलं नाही म्हणून अपील न्यायालयाने फाशी रद्द केली आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मताने ती परत बहाल केली. म्हणजे तिथल्या न्यायाधीशांतही यावर एकमत नाही.

जॉर्ज फ्लॉइड प्रकरणात तर ज्युरी निवड चालू असतानाच शहराने कुटुंबाला २.७ कोटी डॉलर भरपाई जाहीर केली. आधी निवडलेल्या ७ जणांना पुन्हा बोलावून विचारलं, त्यांतल्या दोघांना घरी पाठवावं लागलं. मोबाइलच्या काळात गाव बदलण्यापेक्षा असं पुन्हा पुन्हा विचारणं जास्त कामाचं, असं मला वाटतं.

मिहिका:
किती शिकायला मिळतंय! पण दुसरा प्रश्न बाजूला पडला. आपल्याकडे ज्युरी नाही, निकाल न्यायाधीश देतात. ते प्रशिक्षित असतात, मग काळजी नको?

आडगाव:
न्यायाधीश पण सकाळी चहाबरोबर पेपर वाचतात.

कोर्टकचेरी:
न्यायाधीशाला निकालाची लेखी कारणं द्यावी लागतात आणि ती वरच्या कोर्टात तपासली जातात. ज्युरी फक्त "दोषी" किंवा "निर्दोष" म्हणते. हे संरक्षण मोठं आहे, मी ते कमी लेखणार नाही. पण पुरेसं नाही. मुंबई हायकोर्टाने जानेवारी २०२१ मध्ये, सुशांतसिंह राजपूत प्रकरणातल्या चॅनलांच्या वार्तांकनावरच्या याचिकांत, सविस्तर निकाल दिला. तपास चालू असताना माध्यमांनी समांतर खटला चालवणं हा न्यायदानात हस्तक्षेप ठरू शकतो असं म्हटलं, आणि काय टाळायचं हेही सांगितलं. आरोपीची पोलिसांकडची कबुली पुरावा म्हणून मिरवू नका, साक्षीदारांच्या मुलाखती घेऊ नका, घटना नाट्यरूपात पुन्हा उभी करू नका.

मला कोर्टात दिसतं ते सांगतो. परिणाम निकालात क्वचित दिसतो. तो दिसतो जामिनाच्या वेळी. गाजलेल्या प्रकरणात खालच्या कोर्टात जामीन मिळवणं फार अवघड जातं. "एवढा गवगवा झालाय, वर जा" असा भाव असतो. मग माणूस खटला सुरू व्हायच्या आत महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं आत. पुढे निर्दोष सुटला तरी ती शिक्षा भोगून झालेली असते.

आणि साक्षीदार? ते प्रशिक्षित नसतात. ते तुमच्या-आमच्यासारखेच टीव्ही बघतात. ज्युरी गेली तरी रूवाबाईंचा निष्कर्ष साक्षीदाराला जसाच्या तसा लागू पडेल असं मला वाटतं.

डॉ. रानवारा:
पडतो. ऐकलेलं आणि पाहिलेलं यांची सरमिसळ हा साक्षीदारांवरच्या संशोधनातला जुना विषय आहे.

सुनंदाताई:
जामिनाचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता.

शब्दाली:
मी ऐकलंय की पारशी लोकांमध्ये अजून ज्युरी आहे?

कोर्टकचेरी:
हो, पण फौजदारी नाही. १९३६ च्या पारशी विवाह आणि घटस्फोट कायद्याखाली मुंबईत विशेष न्यायालय बसतं. न्यायाधीशांबरोबर समाजातले प्रतिनिधी असतात, आधी ७ असायचे, १९८८ च्या दुरुस्तीनंतर ५. वस्तुस्थितीबाबतचे प्रश्न तेच ठरवतात. समाज एवढा लहान की दोन्ही घरं सगळ्यांच्या माहितीतली. तिथे पेपरची गरजच नाही. :)

तेजस_पुणे:
मग मूळ प्रश्नाचं उत्तर काय म्हणायचं? जर्सीकर, उद्या पुन्हा बोलावलं आणि गाजलेलं प्रकरण असलं तर "मी निःपक्ष राहीन" असं सांगाल?

जर्सीकर:
तेवढंच सांगणार नाही. काय वाचलं, कुठे वाचलं, कुठला फोटो पाहिला आणि वाचून काय वाटलं, हे नेमकं सांगेन. "निःपक्ष राहू शकाल का?" या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी योग्य माणूस नाही. न्यायाधीशांना माझा शब्द नको, कच्चा माल हवा, त्यावरून त्यांनी ठरवावं. आणि त्यांनी विचारलं नाही तर हात वर करून स्वतः सांगेन.

बातमीदार:
आणि आमच्या बाजूने एवढं तरी करता येतं. नव्या मुलांना शिकवताना मी सांगतो, 'कबुली' हा शब्द मथळ्यात लिहू नका, मजकुरात 'पोलिसांचा दावा' असं लिहा आणि त्याच बातमीत एक ओळ घाला की ही कबुली न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य नसते. डेस्क बहुतेक वेळा ती ओळ कापतो. मी पुन्हा घालतो.

मिहिका:
बातमीदार, ती ओळ कापताना डेस्क कारण काय देतो?

बातमीदार:
जागा नाही, म्हणतात.